शॉकअप का बसते? जुन्या मोटारसायकलची पुढची स्प्रिंग ओळखणे आणि बदलणे

जुन्या मोटारसायकलचा पुढचा ब्रेक दाबला की गाडीचे नाक जमिनीकडे झुकते. खड्ड्यात चाक गेले की हँडलपर्यंत ‘ठक्’ असा लोखंडी आवाज पोहोचतो. गॅरेजमधले निदान ठरलेले असते: शॉकअप बसले, स्प्रिंग थकली. मालकाचे प्रश्नही ठरलेले असतात. नवी स्प्रिंग टाकली की भागेल का? टाकायची तर कोणती? की वर दोन वॉशर घालून काम निघेल?

या प्रश्नांची उत्तरे दुकानाच्या फळीवर सापडत नाहीत, ती गाडीतून काढलेल्या स्प्रिंगवरच मोजता येतात. त्यासाठी व्हर्नियर कॅलिपर, वजनकाटा, टेप आणि शाळेतला गुणाकार-भागाकार पुरतो.

१. नळीच्या आत काय असते

तेलाने धक्का शोषणारा दुर्बिणीसारखा सरकता फोर्क कारखान्यात तयार होणाऱ्या मोटारसायकलवर पहिल्यांदा आला तो १९३५ मध्ये, जर्मनीच्या बीएमडब्ल्यू आर १२ या गाडीवर. दुसऱ्या महायुद्धानंतर तोच सगळीकडे पसरला. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने आणलेली राजदूत ३५० (म्हणजे यामाहा आरडी ३५० ची भारतीय आवृत्ती) आणि १९८५ मध्ये आलेली आरएक्स १०० या दोन्ही गाड्यांत या फोर्कचा साधा आणि भरवशाचा प्रकार आहे. या प्रकरणातले वर्णन त्या प्रकाराचे आहे. जुन्या बुलेटच्या आतली मांडणी थोडी वेगळी असली तरी स्प्रिंगचे गणित तिथेही हेच.

फोर्कची गुळगुळीत नळी हँडलखालच्या दोन ‘टी’मध्ये घट्ट पकडलेली असते. तिच्यावर खालचा भाग, म्हणजे बॉटम, वर-खाली सरकतो आणि चाकाचा ॲक्सल त्याच्यात बसतो. स्प्रिंग नळीच्या आत उभी असते. तिचे वरचे टोक नळीच्या तोंडावरच्या नटाला टेकते आणि खालचे टोक बॉटमला बोल्टने जोडलेल्या डॅम्पर रॉडच्या डोक्यावर. उरलेल्या जागेत काही तेल आणि काही हवा असते.

या तिघांची कामे वेगळी आहेत. स्प्रिंग वजन पेलते, तेल तिची उसळी आवरते आणि हवा शेवटच्या टप्प्यात मदतीला येते. पुढचा भाग बिघडला की ही तीन कामे एकमेकांत मिसळून निदान केले जाते आणि बहुतेक पैसे तिथेच वाया जातात.

२. ‘थकलेली’ स्प्रिंग म्हणजे काय

स्प्रिंगचा कडकपणा म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला किती किलो वजन लागते तो आकडा. ०.५५ कडकपणाच्या स्प्रिंगवर साडेपाच किलो ठेवले की ती १० मिलिमीटर दबते, अकरा किलो ठेवले की २० मिलिमीटर.

चाळीस वर्षे वापरूनही हा आकडा जवळजवळ बदलत नाही. तो पोलादाच्या जातीवर, तारेच्या जाडीवर, वेढ्याच्या व्यासावर आणि वेढ्यांच्या संख्येवर ठरतो. यातले काहीही वापराने कमी होत नाही. खोल गंजाने तार झिजली असेल तरच अपवाद. वर्षांनुवर्षे दाबाखाली राहून घटते ती स्प्रिंगची लांबी. म्हणून सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मोकळ्या स्प्रिंगची मूळ लांबी आणि बऱ्याचदा चालण्याजोगी कमीत कमी लांबीही दिलेली असते.

४०० मिलिमीटरची स्प्रिंग ३९० झाली, तर गाडी पुढून दहा मिलिमीटर खाली बसेल. तेवढी उंची वर दहा मिलिमीटरचा तुकडा घालून परत मिळते. तुकडा घालूनही ब्रेक लावताना फोर्क तळाला टेकत असेल, तर ती स्प्रिंग कारखान्यातून निघाली तेव्हापासूनच त्या स्वारासाठी मऊ होती. जुन्या गाड्यांत हे सर्रास आढळते. कारखान्याने सरासरी वजनाचा स्वार, त्या काळचे ब्रेक आणि आरामशीर चाल धरून स्प्रिंग निवडलेली असते.

३. स्प्रिंग ओळखणे

स्प्रिंगच्या टोकाला रंगाचा ठिपका असला तरी त्याच्यावर विसंबू नये. प्रत्येक कारखान्याचा रंगसंकेत वेगळा असतो आणि जुन्या गाडीत आधीच्या मालकाने कुठली स्प्रिंग घातली होती हे कोणालाच ठाऊक नसते. स्प्रिंग रॉकेलने धुऊन कोरडी करावी आणि चार गोष्टी मोजाव्यात: मोकळी लांबी, तारेची जाडी, बाहेरचा व्यास आणि काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या. दोन्ही टोकांना सपाट घासलेला एकेक वेढा शेजारच्या वेढ्याला चिकटून असतो. तो दबत नाही, म्हणून मोजणीत धरायचा नाही.

बाहेरच्या व्यासातून एका तारेची जाडी वजा केली की वेढ्याचा सरासरी व्यास मिळतो. पुढचे सूत्र यंत्रशास्त्रात प्रस्थापित आहे. पोलादाचा स्थिरांक त्यात आधीच मिसळून ते घरगुती हिशेबासाठी सुटसुटीत केले आहे. सगळी मापे मिलिमीटरमध्ये घ्यायची.

कडकपणा = १००० × (तारेच्या जाडीचा चौथा घात) ÷ (सरासरी व्यासाचा घन × वेढे)

समजा, तार ३.८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २५ आणि काम करणारे वेढे ४० आहेत. सरासरी व्यास २१.२ झाला. ३.८ चा चौथा घात सुमारे २०८.५ आणि २१.२ चा घन सुमारे ९,५२८. म्हणजे २,०८,५०० ला ३,८१,१२० ने भागायचे. उत्तर येते ०.५५ किलो प्रति मिलिमीटर.

बाहेरचा व्यास आणि वेढे तेवढेच ठेवून तार ४ मिलिमीटर केली, तर कडकपणा ०.६९ होतो, आणि ४.२ केली तर ०.८६. तारेत केसभर फरक पडला की कडकपणा सुमारे चौथ्या हिश्श्याने वाढतो. मोजणीतली चूकही त्याच प्रमाणात फुगते. रंगाचा थर न खरवडता ३.८ ची तार ३.९ मोजली गेली, तर उत्तर बारा टक्क्यांनी चुकते. म्हणून तार तीन-चार जागी मोजावी आणि उघड्या धातूवर मोजावी.

हिशेबाची खातरजमा वजनकाट्यावर करता येते. माणसांचे वजन करायचा काटा उभ्या ड्रिल मशीनच्या टेबलावर ठेवावा, मशीन बंद असताना चकने स्प्रिंग हळूहळू दाबावी. लांब स्प्रिंग मध्येच वाकून उडू शकते, म्हणून तिच्या आत जेमतेम मावणारा, तिच्यापेक्षा आखूड गज उभा ठेवावा. २० आणि ४० मिलिमीटर दाबल्यावरचे दोन आकडे घेऊन त्यांच्यातला फरक २० ने भागावा. पहिला आकडा ११ किलो आणि दुसरा २२ आला, तर कडकपणा ०.५५. फरक घेतल्यामुळे गजाचे वजन आणि सुरुवातीचे सैलपण हिशेबातून आपोआप गळते.

परदेशी कंपन्यांच्या यादीत हाच आकडा न्यूटन प्रति मिलिमीटर किंवा पौंड प्रति इंचात असतो. १ किलो प्रति मिलिमीटर म्हणजे ९.८१ न्यूटन प्रति मिलिमीटर, किंवा ५६ पौंड प्रति इंच. मागवताना एकक पाहिले नाही, तर भलतीच स्प्रिंग घरी येते.

४. एका टोकाला दाट वेढे असतील तर

काही स्प्रिंगांचे वेढे एका टोकाला जवळजवळ आणि दुसऱ्या टोकाला विरळ असतात. अशी स्प्रिंग चढत्या कडकपणाची असते. सुरुवातीला सगळे वेढे दबतात. दाब वाढला की दाट वेढे एकमेकांना टेकून कामातून बाद होतात आणि उरलेले विरळ वेढेच वजन घेतात. वेढे कमी झाले की कडकपणा वाढतो. ४ मिलिमीटर तारेच्या, ४० वेढ्यांच्या स्प्रिंगमध्ये १२ वेढे दाट असतील, तर सुरुवातीचा कडकपणा ०.६९ आणि दाट वेढे मिटल्यानंतरचा, फक्त २८ वेढ्यांचा, ०.९९.

लहान खड्डे मऊपणे घ्यायचे आणि मोठ्या खड्ड्यात तळ गाठायचा नाही, असा या रचनेचा हेतू असतो. रोजच्या वापराच्या गाडीला ती चालते. पण तेलाची रोखण्याची ताकद एकच असते आणि दोन कडकपणांना ती सारखी जुळत नाही, त्यामुळे वळणावर गाडीचा अंदाज किंचित हुकतो. स्वाराचे वजन माहीत असेल आणि योग्य आकडा काढला असेल, तर एकसारख्या वेढ्यांची स्प्रिंगच अधिक चांगली.

५. किती कडक स्प्रिंग हवी

आता खरे गणित. पेट्रोल-ऑइलसह गाडी १६० किलो आणि स्वार ७५ किलो धरू. एकूण २३५ झाले. त्यातले ४५ टक्के, सुमारे १०५ किलो, पुढच्या चाकावर येतात. चाक, ब्रेक आणि बॉटम यांचे साधारण १५ किलो स्प्रिंगच्या खाली असल्याने तिच्यावर पडत नाहीत, उरले ९०. फोर्क उभ्या रेषेपासून सुमारे २७ अंश तिरपा असतो, म्हणून त्यातले ८० किलो नळीच्या रेषेत येतात. दोन नळ्यांत विभागून प्रत्येक स्प्रिंगवर ४० किलो. मागे बसणाऱ्याने या आकड्यात फार फरक पडत नाही, कारण त्याचे वजन जवळपास सगळे मागच्या चाकावर जाते.

फोर्कची पूर्ण चाल १४० मिलिमीटर धरू. स्वार बसल्यावर फोर्क जितका खाली येतो त्याला सॅग म्हणतात. रस्त्यावरच्या गाडीसाठी सॅग एकूण चालीच्या चौथा हिस्सा ते ३० टक्के असावा, म्हणजे इथे ३५ ते ४२ मिलिमीटर. तो फार कमी असेल तर रस्ता खोलगट झाला की चाक अधांतरी राहते. फार जास्त असेल तर खड्डे आणि ब्रेक यांच्यासाठी चाल उरत नाही.

फोर्क पूर्ण लांब असतानाही स्प्रिंग थोडी दाबूनच बसवलेली असते. हा झाला प्रीलोड. ०.५५ च्या स्प्रिंगवर ४० किलो आले की ती एकूण ७३ मिलिमीटर दबते. त्यातले २५ प्रीलोडमध्ये आधीच दबलेले असतील, तर सॅग ४८ येतो. जास्त आहे. ०.७ ची स्प्रिंग ५७ मिलिमीटर दबते. २० प्रीलोड वजा केला की सॅग ३७. योग्य.

आता ब्रेक. दर सेकंदाला वेग ताशी १८ किलोमीटरने कमी होईल असा ब्रेक लावला, तर मागचे वजन पुढे येते आणि टायरला मागे ढकलणारे रस्त्याचे बळही तिरप्या फोर्कला दाबते. दोन्ही मिळून नळ्यांवर आणखी सुमारे १०० किलो पडतात. एकूण १८०, प्रत्येकी ९०. जुनी स्प्रिंग ९० किलोखाली १६४ मिलिमीटर दबते; प्रीलोडचे २५ वजा केले तर १३९. चाल १४० ची आहे. म्हणजे फोर्क तळाला टेकला आणि त्याच क्षणी रस्त्यात खड्डा आला, तर तो सरळ हँडलवर. ०.७ ची स्प्रिंग त्याच ब्रेकला १०९ मिलिमीटरवर थांबते आणि खड्ड्यासाठी ३१ मिलिमीटर शिल्लक ठेवते. नळीतल्या हवेची मदत या हिशेबात धरलेली नाही, त्यामुळे प्रत्यक्षात दोन्ही फोर्क थोडे वर राहतील. फरक त्यामुळे थोडा कमी होईल, पण राहील.

राजदूत ३५० च्या मालकांसाठी हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. जपानी आरडी ३५० ला पुढे डिस्क ब्रेक होता, भारतीय आवृत्तीला ड्रम मिळाला. अनेक मालक नंतर डिस्क बसवून घेतात. ब्रेकची ताकद वाढली की फोर्कवरचा भार वाढतो, आणि स्प्रिंग जुनीच ठेवली तर नव्या ब्रेकचा फायदा फोर्क तळाला टेकेपर्यंतच मिळतो. डिस्क बसवणाऱ्याने स्प्रिंगचा खर्च त्याच कामात धरावा.

६. वॉशर घालून भागते का

गॅरेजमधला सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे जुन्याच स्प्रिंगवर वॉशर किंवा पाइपचा तुकडा घालणे. यात प्रीलोड वाढतो, कडकपणा तोच राहतो. ०.५५ च्या स्प्रिंगला ३६ मिलिमीटर प्रीलोड दिला तर सॅग बरोबर ३७ येतो आणि गाडी उभी असताना दुरुस्त झालेली दिसते. पण चालीच्या शेवटी दोन्ही स्प्रिंगा मिळून १९४ किलो पेलतात, ०.७ च्या स्प्रिंगा कमी प्रीलोडवरही २२४ पेलतात. उलट फोर्क पूर्ण लांब असताना जुन्या प्रत्येक स्प्रिंगवर आधीच २० किलो दाब असतो, नवीवर १४. म्हणजे प्रीलोड वाढवलेली मऊ स्प्रिंग चालीच्या सुरुवातीला जास्त जोर लावते आणि शेवटी कमी. बारीक खडी हातांना जाणवते आणि ब्रेकला नाक तरीही झुकते. हवे असते याच्या नेमके उलट.

वॉशरचा उपयोग स्प्रिंगची घटलेली लांबी भरून काढण्यापुरता आणि योग्य स्प्रिंगवर सॅग जुळवण्यापुरता आहे.

दुसरा जुना उपाय स्प्रिंग कापण्याचा. गणिताने तो खोटा नाही. ४० पैकी ८ वेढे कापले तर उरलेल्या ३२ वेढ्यांचा कडकपणा ०.६९ होतो आणि गेलेली लांबी पाइपच्या तुकड्याने भरता येते. मात्र तेवढ्याच चालीसाठी प्रत्येक वेढ्याला आता चौथ्या हिश्श्याने जास्त दबावे लागते, तारेवरचा ताण वाढतो आणि वेढे एकमेकांना टेकण्याची वेळ जवळ येते. गॅसने कापले तर टोकाच्या पोलादाचे पाणी उतरते. नवी स्प्रिंग मिळतच नसेल तरच हा मार्ग घ्यावा. कटिंग व्हीलने, पाणी मारत कापावे, आणि कापलेले टोक सपाट घासून पाइपच्या बाजूला ठेवावे.

७. हवा आणि तेल

फोर्कमधली हवा ही तिसरी स्प्रिंग आहे. सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने दाबून दांडा ढकलला की सुरुवातीला तो सहज जातो आणि शेवटी हटून बसतो. नळीतली हवा तशीच वागते. फोर्क पूर्ण दाबून, स्प्रिंग बाहेर काढून, नळीच्या तोंडापासून तेलापर्यंतचे अंतर मोजतात. ते १४० मिलिमीटर असेल आणि चालही १४० असेल, तर फोर्क लांब असताना हवेचा स्तंभ ढोबळमानाने २८० चा असतो. पूर्ण दबल्यावर तो निम्मा होतो आणि दाब दुप्पट. तेल २० मिलिमीटरने वाढवले, तर २६० चा स्तंभ १२० वर येतो आणि दाब २.१७ पट होतो. चालीच्या सुरुवातीला फरक कळत नाही, शेवटी कळतो. फोर्क कधीतरीच तळाला टेकत असेल, तर स्प्रिंगला हात न लावता तेलाची पातळी पाच-दहा मिलिमीटरने वाढवून पाहावी. हद्दीबाहेर वाढवली तर ऑइल सील फुटते.

नवी स्प्रिंग आधीच्यापेक्षा जाड तारेची असेल तर ती जास्त तेल बाजूला सारते. म्हणून बाटलीवरचे मिलिलिटर न पाहता पातळीच मोजावी, आणि ती स्प्रिंग बाहेर असताना मोजलेली असते हे लक्षात ठेवावे.

तेलाचा दाटपणा हा वेगळा विषय. कडक स्प्रिंग जास्त जोराने उसळते, तिला आवरायला थोडा जास्त अटकाव लागतो. ०.५५ वरून ०.७ वर गेल्यास सुमारे १३ टक्के. डॅम्पर रॉडला नुसती भोके असतात आणि त्यांतून जाणाऱ्या तेलाचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे अति दाट तेल घातले तर धारदार खड्ड्यावर फोर्क दगडासारखा होतो. मऊ स्प्रिंगची उणीव दाट तेलाने भरण्याचा प्रयत्न म्हणूनच फसतो. आधी १० नंबरचे तेल असेल तर नव्या स्प्रिंगसोबत प्रथम तेच घालावे. गाडी खड्ड्यानंतर दोनदा डोलली तरच १५ कडे जावे. दोन कंपन्यांच्या १० नंबरी तेलांचा दाटपणा बराच वेगळा असू शकतो, म्हणून एकाच कंपनीचे तेल धरून राहावे.

८. बसवणे आणि तपासणे

स्प्रिंग मागवण्यापूर्वी तीन मापे जुळतात ना ते पाहावे. बाहेरचा व्यास नळीत मोकळा सरकला पाहिजे. आतला व्यास डॅम्पर रॉडच्या डोक्यावर नीट टेकला पाहिजे. आणि पूर्ण मिटलेल्या स्प्रिंगची उंची, म्हणजे तारेची जाडी गुणिले सगळे वेढे, उपलब्ध जागेपेक्षा कमी असली पाहिजे. ४ मिलिमीटर तारेचे टोकांसह ४२ वेढे मिटले की १६८ होतात. ४०० लांबीची ती स्प्रिंग २३२ मिलिमीटर दबू शकते. गरज प्रीलोडसह १६० ची आहे. जागा भरपूर आहे.

काम करताना गाडीचे पुढचे चाक उचलून इंजिनखाली पक्का आधार द्यावा. आधी वरच्या टीचा पकडबोल्ट सैल करावा, मगच नळीचा नट. शेवटचे आटे सुटताना स्प्रिंग नट वर उडवते, म्हणून पान्यावर तळहाताने दाब ठेवावा आणि तोंड नळीच्या रेषेतून बाजूला ठेवावे. दोन्ही स्प्रिंगा नेहमी जोडीनेच बदलाव्यात. वर घालायचा पीव्हीसी पाइपचा तुकडा काटकोनात कापावा आणि त्याच्या व स्प्रिंगच्या मध्ये लोखंडी वॉशर ठेवावा, नाहीतर तार पाइपमध्ये रुतते. याच वेळी नळी सपाट काचेवर फिरवून वाकलेली नाही ना ते पाहून घ्यावे. वाकलेल्या नळीत उत्तम स्प्रिंगही अडकूनच चालते.

सॅग मोजायला तीन माणसे लागतात. चाक अधांतरी असताना नळीचा उघडा भाग मोजावा. मग स्वार बसल्यावर फोर्क दाबून हळूच सोडून एकदा, आणि थोडा उचलून हळूच सोडून एकदा. या दोन आकड्यांची सरासरी पहिल्या मापातून वजा केली की सॅग मिळतो. दोन आकड्यांत १५-२० मिलिमीटरहून जास्त फरक आला तर दोष घर्षणात आहे. ॲक्सलचे बोल्ट सैल करून, फोर्क चार वेळा दाबून पुन्हा कसावेत.

नव्या स्प्रिंगमुळे गाडी पुढून दहा-अकरा मिलिमीटर उंच राहते आणि हँडल किंचित जड वाटू शकते. वरच्या टीमध्ये जागा असेल तर नळ्या पाच-दहा मिलिमीटर वर सरकवून हे जुळवता येते. दोन्ही बाजू मोजून सारख्या ठेवाव्यात.

शेवटी नळीवर नायलॉनची बारीक पट्टी आवळून नेहमीच्या रस्त्यावर चक्कर मारावी. बॉटम पट्टीला जिथवर ढकलतो तिथवर चाल वापरली गेली. जोराच्या ब्रेकनंतरही पट्टीच्या पुढे १०-१५ मिलिमीटर शिल्लक राहत असतील तर स्प्रिंग बरोबर निवडली गेली आहे. तारेची जाडी, व्यास, वेढे, पाइपच्या तुकड्याची लांबी, तेलाचा नंबर आणि पातळी हे आकडे गाडीच्या कागदपत्रांसोबत लिहून ठेवावेत; पुढच्या वेळी तेल बदलणाऱ्याला फोर्क उघडण्याआधीच आत काय आहे ते कळेल.